वाटलेला खरवस

मालन मावशींना खरवस खायचा होता, आणि तोही खरा. पाकिटातला गडहिंग्लजच्या कुठल्याही दुकानात मिळत होता. मक्याचं पीठ, दुधाची भुकटी आणि वेलदोड्याचा वास यांचं ते थरथरणारं मिश्रण मावशींनी एकदाच तोंडात घातलं होतं आणि उरलेलं गुपचूप मांजरापुढे सरकवलं होतं. मांजरानंही फार उत्साह दाखवला नाही. खऱ्या खरवसाला चीक लागतो, म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं, पिवळं, दाट दूध. तो बघूनच आता लोकांना वर्षं लोटली होती. गाई मोठमोठ्या बंद गोठ्यांत वीत, यंत्रं त्यांची धार काढत आणि चीक जागच्या जागी सुकवून त्याच्या ताकदीच्या गोळ्या केल्या जात. गल्लीत कुणाच्या दारात गाय उरली नव्हती.

आणि मावशींचा भाचा तर दिवसभर गाईंतच वावरत होता!

भाच्याचं नाव धैर्यशील पोवार. नाव ठेवणाऱ्यांनी फार लांबचा विचार केला नसावा, पण ते पुढे येईलच. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मावशींनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. तो शिकला, परदेशात राहून आला, आणि चाळिशीला टेकल्यावर हिरण्यकेशीच्या काठी नव्यानं उभ्या राहिलेल्या दुग्धौषध केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. लग्न राहूनच गेलं होतं. मावशी आणि तो, एवढंच घर.

"धैर्या, तुझ्या गाई कधी वीतच न्हाईत का रं?" मावशी विचारायच्या.

"वितात की."

"मग चीक कुठं जातो?"

"खड्ड्यात," तो सांगायचा, आणि मावशी दोन्ही कानांना हात लावायच्या. "चीक मातीत? पाप लागंल रं तुम्हास्नी."

खड्ड्यात का, हे समजायला त्या केंद्रातल्या गाई काय करत होत्या ते सांगायला हवं.

दूध गाय करते असं आपण म्हणतो, पण खरं तर ते तिच्या कासेतल्या पेशी करतात. पेशीत प्रथिनं सारखी घडत असतात. त्यातली बरीचशी तिच्या स्वतःच्या घरखर्चाला लागतात. जी बाहेर जायची असतात त्यांच्या पुढच्या टोकाला मात्र घडतानाच एक छोटासा तुकडा जोडलेला असतो. तो त्यांचा पत्ता. पत्ता दिसला की अर्धवट घडलेलं ते प्रथिन पेशीतल्या पडद्यांच्या एका चक्रव्यूहात ओढून घेतलं जातं. तिथे त्याच्या घड्या नीट बसतात, पत्त्याचं काम झालं म्हणून तो तुकडा कापला जातो आणि वेडंवाकडं घडलेलं असेल ते तिथेच मोडीत निघतं. पुढे चपट्या पिशव्यांची एक थप्पी लागते. तिथे त्याच्यावर शेवटचा हात फिरतो आणि ते कुठल्या बाजूनं बाहेर पडणार हे ठरतं. मग एका बारीकशा बुडबुड्यात बसून ते पेशीच्या कडेला येतं. बुडबुड्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं आणि आतला माल बाहेर पडतो, थेट दुधात.

या सगळ्या व्यवस्थेत एक भाबडेपणा आहे. पेशी पत्ता वाचते, घडी तपासते, पण हा माल आपला की परका हे विचारत नाही. दुधातल्या प्रथिनाचा पत्ता लावून दुसरंच काही पाठवलं, तरी कास ते तितक्याच निष्ठेनं दुधात सोडते.

धैर्यशीलनं पाठवलं होतं जळवेचं प्रथिन. जळू चावली की रक्त गोठत नाही, कारण तिच्या लाळेत एक चिमुकलं, पण फार चिवट प्रथिन असतं. ते त्यानं आणखी सुधारलं. आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय कुणी पीत नाही, म्हणून ते उकळीला टिकेल असं केलं. पोटातल्या आम्लाला पुरून उरेल असं केलं. आणि आतड्याच्या पेशींनी ते उचलून पलीकडे रक्तात पोचवावं, म्हणून त्याला आणखी एक खूण जोडली. आईच्या अंगातली रोगाशी लढणारी प्रथिनं ज्या खुणेवर बाळापर्यंत पोचतात, तीच. त्या खुणेमुळे ते रक्तात बरेच दिवस टिकायचं. हृदयाची झडप बदललेल्या, अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसांनी आठवड्याला एक पेला दूध प्यायचं, बस्स. ना सुई, ना रोजची गोळी. या दुधाला केंद्रानं नाव दिलं होतं 'प्रवाही', आणि अजून परवान्याच्या चाचण्या चालू असल्या तरी कितीतरी घरांतून त्या पेल्यावर माणसं हिंडूफिरू लागली होती.

दुधातलं औषधाचं प्रमाण रोज मोजलं जायचं. चीक तेवढा मोजला जात नसे. तो चुन्याच्या खड्ड्यात ओतायचा असा नियम होता, आणि जे ओतूनच द्यायचं ते मोजतंय कोण?

तांबू नावाची गाय व्याली त्या दिवशी धैर्यशील गोठ्यातच होता. पिवळाधमक चीक बादलीत पडला. त्याला मावशींचे कानांना लावलेले हात आठवले. त्यानं मनाशी हिशेब मांडला. चिकात औषध थोडं जास्त असेल, पण मावशी नाहीतरी रक्त पातळ व्हायची गोळी घेतातच. आठवडाभर ती बंद ठेवू आणि खरवसाची एक वडी देऊ. काय होणार आहे? केंद्राचा मुख्य शास्त्रज्ञ तो, प्रथिन घडवणारा तो. त्याला नाही कळायचं तर कुणाला! कुणाचं लक्ष नाहीसं बघून त्यानं एक बाटली भरून घेतली.

मावशींनी बाटली उजेडात धरली आणि त्यांचे डोळे भरून आले. "कुठली गाय रं?"

"आहे तिथली एक. साधीच." खरं सांगितलं असतं तर मावशींनी बाटलीला बोट लावलं नसतं, म्हणून हे खोटं. "पण तू एकटीनं खायचा, मावशी. एकच वडी, बाकीचा मी टाकून देईन. आणि आठवडाभर गोळी घ्यायची नाही."

"गोळी कशापायी न्हाई?"

"पचायला जड असतो चीक."

ही थाप त्याची त्यालाच पटली नाही. मावशींनी ती ऐकलीही नसावी. खलबत्त्यात वेलदोडे आणि जायफळ कुटण्यात त्या दंग झाल्या होत्या. याच खलात त्या रोज आपली गोळी कुटून घेत, कारण अख्खी गोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

"सगळा संपला?"

"मग! सगळ्या गल्लीत वाटला. किती वर्षांनी रं!" मावशींच्या अंगात वारं भरलं होतं. "चीक कुणी एकट्यानं खातंय व्हय? तू आपलं म्हणालास लाडानं, खा एकटी म्हणून. देसायांची पोरं तर बशी चाटत हुती. आणि चौगुल्याची ईश्वरी! तिनं दोन वड्या खाल्ल्या, वर आणि मागितली. म्हटलं खा बाई, आता न्हाई खायाची तर कधी खायाची."

बाकीच्यांना कुठे जखम झाली नाही तर निभावेल, धैर्यशीलनं मनात म्हटलं. पण ईश्वरी!

ईश्वरी चौगुले समोरच्या घरातली. लहानपणी ती त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची, अजून त्याला धैर्यादादा म्हणायची. बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. पहिलंच.

त्याला तेव्हाच सांगता आलं असतं. रस्ता ओलांडायचा, रूपालीवहिनींना, म्हणजे ईश्वरीच्या आईला, बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, उद्या हिला केंद्रात आणा, रक्त तपासू, उतारा देऊ. उतारा होता. चाचण्यांच्या नियमाप्रमाणे तो केंद्रातल्या शीतपेटीत तयार ठेवलेला असायचा. पण मग बाटली कुणी आणली, कुठल्या गाईची, हे सगळं बाहेर आलं असतं. चाचण्या थांबल्या असत्या. त्या पेल्यावर जगणाऱ्या माणसांचं काय, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि हे विचारताना आपण त्या माणसांच्या आड लपतो आहोत हेही त्याला उमगलं. बाळंतपणाला अजून पंधरवडा होता. तोवर औषध अंगातून उतरेल, असा त्यानं दुसरा हिशेब मांडला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं बाटलीच्या तळाशी उरलेला चीक मोजून पाहिला. आकडा पाहून त्यानं यंत्र पुसलं आणि पुन्हा मोजलं. औषध थोडं जास्त नव्हतं, कितीतरी पट जास्त होतं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. कासेतल्या पेशी गाय विण्याआधीपासूनच माल घडवून साठवत असतात. आणि त्याच दिवसांत, वासरासाठी म्हणून, गाईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं त्या विशिष्ट खुणेवरून ओळखून ओढून घेत असतात. त्यानं जी खूण जोडली होती, तीच ही, आणि थोडं औषध कासेतून गाईच्या रक्तातही झिरपतच होतं. कासेनं इमानेइतबारे दोन्हीकडून औषध गोळा केलं होतं.

तरीही तो बोलला नाही. येता-जाता समोरच्या खिडकीत ईश्वरी दिसली की हात हलवायचा आणि मनात म्हणायचा, अजून थोडे दिवस थांब गं बाई.

ती थांबली नाही.

आठवडाभरानं एका दुपारी मावशींचा फोन आला. ईश्वरीला अचानक कळा सुरू झाल्या, मुलगी झाली, मुलगी चांगली आहे, पण ईश्वरीचं रक्त थांबत नाही. जावई पुण्याहून निघालाय, तू ये.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा मावशी बाकावर बसून रडत होत्या आणि रूपालीवहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. डॉक्टर नसरीन मुजावर आतून बाहेर आल्या. त्यांच्या झग्यावर रक्त होतं.

"हिच्या रक्ताला गोठताच येत नाहीये," त्या म्हणाल्या. "तपासण्या केल्यात. यकृत ठीक आहे, बाकी सगळं ठीक आहे. रक्त पातळ करणारं काही पोटात गेलंय का? कुठलं औषध, काढा, काहीही. आठवून सांगा, वेळ नाही माझ्याकडे."

रूपालीवहिनींनी नकारार्थी मान हलवली. "काही नाही हो. घरचंच जेवण. मागच्या आठवड्यात मावशींनी दिलेला खरवस तेवढा बाहेरचा."

"खरवसात काय असणार?" डॉक्टर म्हणाल्या, आणि वळल्या.

आता बोलायलाच हवं होतं. धैर्यशीलनं तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून जे बाहेर पडलं ते ऐकून तो स्वतःच चकित झाला. इतकं घडीव, इतकं पटण्याजोगं खोटं तो बोलू शकेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"डॉक्टर, मावशी रक्त पातळ व्हायची गोळी घेते. खलात कुटून. त्याच खलात तिनं खरवसाचे वेलदोडे कुटले होते."

मावशींचं रडणं थांबलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं.

"खल धुतला हुता मी," त्या पुटपुटल्या. "धुतला हुता का?"

"तेवढ्यानं एवढं?" डॉक्टर मुजावरांच्या कपाळाला आठी पडली. "आणि तेही इतक्या दिवसांनी? बरं, त्या गोळीवर उतारा आहे. देऊन बघते." त्या धावत आत गेल्या.

तो उतारा चालणार नाही हे दवाखान्यात एकट्या धैर्यशीलला ठाऊक होतं. गोळी एका वाटेनं रक्त पातळ करते, जळवेचं प्रथिन अगदी दुसऱ्या. तरी तो तिथेच उभा राहिला. कदाचित चालेल, कदाचित रक्त आपोआप थांबेल, असं तो मनाशी म्हणत राहिला. शास्त्रज्ञाला न शोभणारी सगळी आशा त्यानं त्या दारावर लावून ठेवली. आतून रक्ताच्या पिशव्या मागवल्या जात होत्या. मावशी शेजारी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "धुतला असणार की रं मी. मी न धुता कधी ठेवते का?"

डॉक्टर पुन्हा बाहेर आल्या. "फरक नाही. गर्भाची पिशवी काढावी लागेल. नाहीतर हातची जाईल पोरगी." सहीसाठी त्यांनी रूपालीवहिनींपुढे कागद धरला. वहिनींना अक्षर उमटवता येईना.

तेव्हा कुठे त्याचे पाय हलले. "आमच्या केंद्रात एक नवा उतारा आहे," तो डॉक्टरांना म्हणाला. "मी घेऊन येतो."

"कशावरचा?"

"रक्त गोठू न देणाऱ्या बऱ्याच गोष्टींवर चालतो."

डॉक्टरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "मग इतका वेळ इथे काय करत होतात?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

केंद्रापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यानं कसा कापला ते त्याला नंतर आठवेना. उतारा पोचला तेव्हा पिशवी काढून झाली होती, आणि टाक्यांतूनही रक्त झिरपतच होतं. औषध गेलं आणि काही वेळातच ते थांबलं. धैर्यशीलच्या सांगण्यावरून बाळालाही थेंबभर दिलं; त्या खुणेच्या वाटेनं प्रथिन बाळापर्यंतही गेलं असणार, हे त्याच्याशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नसतं. कुणी कारण विचारलं नाही. माणूस वाचल्यावर कारणं कोण विचारतं?

ईश्वरी वाचली. तिला आता पुन्हा मूल होणार नव्हतं.

पुण्याहून आलेला तिचा नवरा दवाखान्याच्या फरशीवर धैर्यशीलच्या पायाच पडला. "दादा, देवासारखे धावून आलात."

"अहो, असं नका करू," धैर्यशील म्हणाला आणि मागे सरकला. लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गल्लीतला प्रत्येक जण त्याला थांबवून पाठीवर हात ठेवी. देसायांनी तर 'आमच्या गल्लीची शान' म्हणून नारळ दिला. तो नारळ घेऊन घरी यावं तर मावशी अंधारात बसलेल्या. खलबत्ता त्यांनी नदीत नेऊन टाकला होता. पूर्वी आमटीला फोडणी दिली तरी वाटीभर समोर जायची. आता त्या दोघांपुरतं जेमतेम शिजवत, आणि त्याच्या ताटात वाढण्याआधी पळी त्याच्या नाकापुढे धरत.

"आधी तू बघ वास घेऊन," त्या म्हणायच्या. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता."

रूपालीवहिनी एकदा मुद्दाम येऊन बसल्या. "मावशी, तुमचा दोष नाही हो. वय झालं, राहतं एखादं भांडं धुवायचं. आम्ही कुणी मनात ठेवलेलं नाही." फार चांगलं बोलल्या त्या, आणि जाताना बारशाचं आमंत्रण मात्र धैर्यशीलला एकट्याला देऊन गेल्या. जाताजाता हेही सांगितलं की मुलीचं नाव त्याच्या नावावरून ठेवायचं ठरतंय, धैर्या.

या गल्लीत आजवर एकाही मुलाला मावशींच्या हाताशिवाय पाळण्यात घातलेलं नव्हतं.

"बरंच झालं," वहिनी गेल्यावर मावशी म्हणाल्या. "माझी सावली नकोच त्या लेकरावर. एक तर हिरावलीच न्हवं मी तिची सगळी पुढची पोरं."

धैर्यशील ताटावरून उठला. ती एवढीशी म्हातारी त्याचं पाप डोक्यावर घेऊन बसली होती आणि वर त्याला भात वाढत होती. आपण किती नीच आहोत हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

बारशाच्या दिवशी सकाळी तो समोर गेला. घरात लगबग होती; वहिनी स्वयंपाकघरात, जावई मांडववाल्याशी वाद घालत अंगणात. ईश्वरी आतल्या खोलीत पलंगावर बसून बाळाला झोपवत होती. ती अजून पांढरीफटक दिसत होती.

"ये रे धैर्यादादा. बघ, तुझी नाववाली."

त्यानं दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चीक कुठल्या गाईचा होता. बाटली कुणी आणली. मोजल्यावर काय आकडा आला. दवाखान्यात तो काय बोलला आणि किती वेळ गप्प उभा राहिला. "मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर तुझी पिशवी बहुतेक वाचली असती," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं घरी पुष्कळ वेळा जुळवून पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते चुकलंच. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, म्हणजे."

ईश्वरी किती तरी वेळ बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. तिचा हात एकाच लयीत चालला होता, चेहरा मात्र हळूहळू अनोळखी होत गेला.

"मावशीला माहीत आहे हे?" तिनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे अजून तिला वाटतंय, तिनंच केलं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग इथं कशाला आलास?" तिचा आवाज चढला नाही, पण बाळ दचकून जागं झालं. "माझ्याकडं माफी मागायला? माझं काय करायचं ते मी बघीन, आज नाही बघणार. आधी तिकडं जा. आणि नावाचं मी बघते."

मावशी मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. धैर्यशील त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि पुन्हा सगळं बोलला. प्रथिन, खूण, कास यातलं काही मावशींना कळलं नसेल. पण जे कळायचं ते त्यांनी नेमकं उचललं.

"म्हंजे खलात काही न्हवतं?"

"काही नव्हतं."

"मी धुतला हुता."

"तू धुतला होतास, मावशी. न धुतला असतास तरी काही झालं नसतं."

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कसलंसं मोठं ओझं उतरताना धैर्यशीलनं पाहिलं, आणि त्याला वाटलं आता त्या रडतील, किंवा लहानपणी द्यायच्या तशी एक सणसणीत ठेवून देतील. त्यानं गाल तयारच ठेवला होता.

"तिथं बाकड्यावर मी तुझ्याशेजारी बसून विचारत हुते," मावशी म्हणाल्या. "धुतला असंल का रं, धुतला असंल का. तवा तुला ठाऊक हुतं?"

"हो."

"आणि नंतर घरात? रोज?"

"हो, मावशी."

त्यांनी मान डोलावली. मग हाताचा रेटा देऊन उठल्या आणि आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांनी हिरवी इरकल नेसली होती आणि हातात जुन्या मऊ लुगड्यांचं शिवलेलं एक दुपटं होतं. ईश्वरी माहेरी आली तेव्हापासून त्या ते शिवत होत्या. मध्यंतरी ते कुठे गेलं हे विचारायचं धैर्यशीलला सुचलंही नव्हतं.

"बारसं सुरू झालं असंल का?"

"आत्ताच होईल. बायका जमल्यात." तो उठला आणि त्यानं चपला घातल्या. त्यांच्या दारासमोरचा उतार घसरडा होता. तो उतरताना मावशींचा हात धरायचा त्याचा शिरस्ता होता. "मी उद्या सकाळी केंद्रात जाऊन सगळं सांगतोय. डॉक्टर मुजावरांनाही. गल्लीत तू सांग हवं तर, मी—"

"मी कशाला सांगू? तुझं तू सांगायचं. एकेका दारात जाऊन, माझा खरवस ज्या दारात गेला त्या हरेक दारात." मावशींनी कोपर मागे घेतला. "आज मातर न्हाई. आज पोरीचं बारसं हाय."

"बरं. चल, तुला सोडतो तिथपर्यंत."

"तू येऊ नगंस," मावशी म्हणाल्या.

भिंतीला धरून, एकेक पाऊल चाचपत त्या उतार उतरल्या. समोरच्या अंगणात जमलेल्या बायका त्यांना बघून गप्प झाल्या. रूपालीवहिनी पुढे आल्या आणि काय बोलावं न सुचून थांबल्या. मग आतून ईश्वरी आली, बाळंतिणीनं उन्हात येऊ नये म्हणून कुणीतरी ओरडलं तरी आली, आणि तिनं मावशींचा हात धरून त्यांना पाळण्याशी नेलं.

धैर्यशील चपला घालून दारातच उभा राहिला. पाळण्याची गाणी सुरू झाली, बाळाचं नाव ठेवलं गेलं, बायका हसल्या, पण नाव काय ठेवलं ते त्याला तिथून ऐकू आलं नाही.